वाडीची सरासरी

दिवाळीचा पाडवा झाला की वाडी उठायची. तट्टांच्या पाठीवर वाघरी, तवे, पिठाची गाठोडी आणि चार दिवसांची कोकरं चढायची, आणि सांगोल्याच्या माळावरून मेंढरं उत्तरेला लागायची. भीमा ओलांडून केमच्या शिवारात जायचं, रात्री शेतकऱ्याच्या रानात जाळ्याची वाघर लावून मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची आणि जेठाच्या तोंडाला परत यायचं. मागं राहायच्या त्या म्हाताऱ्या.

यंदा पाडवा होऊन गेला तरी तट्टं मोकळीच चरत होती. बिरोबाच्या देवळापुढं वाडीची माणसं बसली होती आणि मधोमध मास्तर उभे होते.

गुरुसिद्ध मास्तर अक्कलकोटाकडचे. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि राग आला की कुठलीच भाषा नाही, नुसते गप्प. वाडीला शाळा मिळून अडीच वर्षं झाली होती. खोली वाडीनं बांधायची, मास्तर आणि सामान लोकल बोर्डानं द्यायचं, असं ठरलं होतं. भिंती येडूनं आणि आणखी चौघांनी घातल्या होत्या. आतली जमीन येडूच्या बायकोनं, फुलाबाईनं, चोपण्यानं चोपून सारवली होती. धाब्यावर माती पसरताना येडू खाली पडला होता, तेव्हापासून त्याचा उजवा खांदा पावसाळ्यात दुखायचा.

"सरासरी वीस लागते," मास्तर म्हणाले. "मागच्या साली तुम्ही पोरं घेऊन गेलात. मी सहा महिने भिंतीला शिकवलं. आता बोर्डानं काटकसर काढलीय. आमचे पगार कापलेत. जिथं पोरं नाहीत तिथली शाळा बंद करा असा हुकूम आहे."

"सरासरी म्हंजी काय वो?" हरिबानं विचारलं. हरिबा येडूचा थोरला चुलतभाऊ. वाडी कधी उठायची, कुठल्या वाटेनं जायचं, हे तो ठरवायचा.

"रोज किती पोरं बसली ते मोजायचं. सगळी बेरीज करायची आणि दिवसांनी भागायचं."

"म्हंजी म्हस पावसाळ्यात धा शेर देती आन उनाळ्यात आटती. तरी ती रोज पाच शेर देती म्हणायचं."

"तसंच."

"मग लबाडीच की ती."

माणसं हसली. मास्तरही थोडे हसले. मग हरिबा म्हणाला, "आमी हितं बसलो तर मेंढरं काय दगडं खातील? यंदा पावसानं तोंडच दावलं न्हाय. शाळा चांगली हाय. पर जायाला तर पायजे."

बायका देवळाच्या भिंतीकडं बसल्या होत्या. तिथून फुलाबाई म्हणाली, "पोरं ठिवून जावा."

हरिबानं वळून बघितलं. "कुणापाशी?"

"माज्यापाशी. आमी मागं ऱ्हातो."

येडूनं मान वर केली. त्याला हे आधी माहीत नव्हतं हे सगळ्यांना दिसलं.

"मेंढरं राखायला देत्यात तशी पोरं द्यायची व्हय?" शिवबाईनं विचारलं. शिवबाईची तीन पोरं शाळेत होती.

"व्हय. तशीच."

"अर्धलीनं?" शिवबाई म्हणाली. "म्हंजी चार दिली तर दोन तुजी. ने बाई. धाकटा तर आत्ताच ने, लई खातो."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण हसण्यातच ते ठरत गेलं, कारण मेंढरं राखायला देण्याची रीत सगळ्यांना ठाऊक होती. ज्याची मेंढरं त्यानं राखणाऱ्याला वर्षाचं धान्य द्यायचं. जी कोकरं होतील त्यांतली निम्मी राखणाऱ्याची. जे मरेल त्याचा कान कापून ठेवायचा आणि धन्याला दाखवायचा. कान नसला तर राखणाऱ्यानं विकलं असं धरायचं आणि भरून घ्यायचं. त्याच रीतीनं ठरलं. ज्याचं पोर राहील त्यानं ज्वारीचं पोतं आणि एक दुभती मेंढी मागं ठेवायची. पोर जेवेल, मेंढी येडू राखील.

"आन तुला काय पायजे?" हरिबानं फुलाबाईला विचारलं. त्याला कळलं होतं की हिला काहीतरी पाहिजे आहे.

फुलाबाईनं सासूकडं बघितलं. मायाक्का लोकर कातायची चाती मांडीवर फिरवत होती; तिनं वर बघितलं नाही.

"केरी तिसरीत हाय," फुलाबाई म्हणाली. "भावजी, तुमच्या भणीच्या पोराला ती बोललीय ते मला ठावं हाय. आत्तींनी शबूद दिलाय. पर चौथी हुईस्तवर मागू नका. एवढं देवापुढं बोला."

फुलाबाईची पोरगी केरा, घरातली केरी, नऊ वर्षांची होती. फुलाबाई स्वतः आठव्या वर्षी या वाडीत आली होती, तट्टावर, कोकरांच्या शेजारी बसून.

हरिबानं हनुवटी खाजवली. मग देवळाकडं तोंड करून म्हणाला, "चौथी हुईस्तवर मागणार न्हाय." आणि उठून तट्टं गोळा करायला गेला.

सकाळी वाघर दुरुस्त करताना येडू बायकोला म्हणाला, "चाळीस मेंढरं माझी आन ही परक्यांची. हितं माळावर काय हाय खायाला?"

"बाभळी हाईत."

"बाभळी," येडू म्हणाला, आणि दोरीची गाठ दातांनी ओढली.

*

पहिल्या आठवड्यात दोन पोरं पळाली. लेंड्यांच्या मागावरून ती मेंढरांच्या वाटेला लागली होती. येडूनं त्यांना भीमेच्या अलीकडं गाठलं आणि एकाच तट्टावर बसवून आणलं. त्यानंतर पोरं आपोआप थांबली. ती शाळेतच झोपायची, एका घोंगडीत तिघं. मास्तरांनी आपली वळकटी देवळाच्या ओसरीत हलवली.

फुलाबाई कोंबड्याच्या आधी जात्यावर बसायची. इतक्या पोरांचं दळण एकटीनं होत नव्हतं. मायाक्का दोन महिने तिच्याशी नीट बोलत नव्हती, पण जात्याचा दुसरा हात तिनं धरला. खुंटा दोघींच्या मुठीत एकावर एक यायचा. सुनेच्या तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर जाड कातडं आलं. म्हातारीच्या हाताला फोड येत नव्हते.

"येवढी भाकर मी बिरोबाच्या जत्रंला बी थापली न्हाय," मायाक्का एकदा म्हणाली. "ह्येंच्या आया तिकडं सुखानं निजत असतील."

"निजंनात, आत्ती."

"निजंनात म्हणं. तू काय शाळा ईकत घेतलीस का?"

दिवस असा होता. भाकऱ्या, दूध, पोरं शाळेत. मग ओढ्यातल्या झऱ्यावर पाणी. झरा म्हणजे वाळूत हातभर उकरलेला खड्डा; त्यात पाणी पाझरून वाटीभर साचलं की ते घागरीत घालायचं, पुन्हा वाट बघायची. ओढ्यापलीकडं सांगलीकरांचं संस्थान लागायचं. तिथल्या बायका दुसऱ्या झऱ्यावर बसलेल्या असायच्या. एकदा त्यांतली एक म्हणाली, "तुमच्यात शाळा हाय म्हणं." फुलाबाई "हाय" म्हणाली. घागर डोक्यावर घेताना तिला ते बरं वाटलं.

पोरांना खरूज झाली. बोटांच्या बेचक्यांत आधी बारीक पाण्याचे फोड आले, मग खाजवून खाजवून खपल्या. एकाची दुसऱ्याला, घोंगडीतून सगळ्यांना. फुलाबाई घोंगड्या उन्हात टाकायची, पोरांना राखेनं धुवायची. हरिबाचा नातू गुंडा तापानं पडला तेव्हा तिनं त्याला पाठुंगळी घेऊन सांगोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं कडू औषध मिळालं. सात वर्षांचं पोर सगळी वाट तिच्या मानेवर गरम श्वास टाकत होतं आणि अधूनमधून आपल्या आईचं नाव घेत होतं. "आलो, आलो," असं ती म्हणायची. पोरगं चौथ्या दिवशी उठून बसलं.

दुपारी शाळेवरून जाताना ती दाराशी क्षणभर थांबायची. आत सगळी एकदम ओरडत असायची आणि त्यातून केरीचा आवाज तिला वेगळा काढता यायचा. मास्तर चांगलं शिकवायचे. हात उगारायचे नाहीत.

*

पौषात दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबाला सगळे दिपोटीच म्हणत. आदल्या दिवशी मास्तरांनी पोरांचे गोटे करवले, जमीन पुन्हा सारवून घेतली. साहेब बैलाच्या छकड्यातून आले. बरोबर एक शिपाई. साहेबांचा कोट धुळीनं भरला होता. त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं आणि फुलाबाईनं घागरभर आणलेल्या पाण्यातलं निम्मं त्यांच्या हातांवर घातलं.

त्यांनी पोरांची डोकी मोजली. वाचून घेतलं, तोंडी हिशोब घातले. केरीनं धडा न अडखळता वाचला. साहेबांनी मास्तरांकडं बघितलं. "मेंढ्या घेऊन गेले नाहीत यंदा?"

"गेले, साहेब. पोरं मागं ठेवून गेले."

"कुणापाशी?"

मास्तरांनी दारातल्या येडू-फुलाबाईकडं बोट केलं. साहेबांनी तिकडं वळून बघितलं.

"मी बरीच गावं बघतो," ते म्हणाले. "असं कुठं बघितलं नाही." मग त्यांनी एका पोराचा हात धरून बोटं फाकवली. "खरूज आहे. गंधक गोड्या तेलात खलून लावा. सगळ्यांना एकाच दिवशी, नाहीतर जायची नाही."

"व्हय, सायेब," येडू म्हणाला. "म्हंजी शाळा ऱ्हाती की आता?"

"हजेरी उत्तम आहे. ही पुढच्या अंदाजपत्रकात धरली जाईल."

"धरली जाईल," येडूनं मागून म्हटलं.

"मी लिहून पाठवतो. ठरवायचं ते बोर्ड ठरवतं."

मास्तर तेव्हा टेबलावरची दौत सरळ करत होते. ती सरळच होती.

छकडा जुंपत असताना शिपाई येडूला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "साहेब वरणभातवाले आहेत. मी नाही."

"आमचं कोकरू वाळून गेलंय."

"वाळलेलं चालतं. साहेब लिहिणार आज रात्री. त्यांचा कंदील मीच धरतो."

येडूनं एक कोकरू दिलं. शिवबाईच्या मेंढीचं होतं ते. हाताशी तेच होतं. शिपायानं त्याचे पाय बांधून छकड्यात साहेबांच्या पेटीमागं ठेवलं.

त्या संध्याकाळी फुलाबाईनं भाकरीबरोबर गूळ दिला. पोरांना का ते कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

*

माघात ज्वारीला वीतभरही कणीस धरलं नाही. पाच मैलांवरच्या मोठ्या गावच्या शेतकऱ्यांनी ती कणसाची वाट न बघता कडब्यासाठीच कापली, आणि धसकटांत मेंढरं घालू देईनात. माळावर गवताच्या मुळ्या राहिल्या होत्या. मेंढरं पुढच्या खुरानं त्या उकरायची आणि मातीसकट खायची. त्यांची पोटं फुगायची.

येडू उजाडल्यापासून बाभळी छाटायचा. लांब बांबूला लोखंडी आकडी बांधलेली. ती फांदीत अडकवून खाली ओढायची. प्रत्येक ओढीला उजव्या खांद्यात कळ यायची. मग तो डाव्या हातानं ओढायला शिकला. फांदी खाली आली की मेंढरं तिच्यावर पडायची, पाला संपला की साल सोलायची. एक काटा त्याच्या तळहातात मोडला आणि हात कोपरापर्यंत सुजला. फुलाबाईनं दुसऱ्या काट्यानं तो फोडला, पू काढला, हळद भरली. तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "तिकडं केमला आत्ता मेंढरं ऊस खात असतील."

"ऊस कोण देतंय मेंढरास्नी?"

"उसाचं वाडं तर देत्यात."

पहिली मेली ती मायाक्काची लाडकी म्हातारी मेंढी. मग रोज नाही, पण एकामागं एक. आधी मागचे पाय वळायचे, मग ती बसायची, आणि एकदा बसली की उठायची नाही. येडू कान कापायचा. आपल्या मेंढरांचे कान कापायचं कारण नव्हतं. परक्यांचे कापायचा आणि मीठ लावून आढ्याला दोरीत ओवायचा. केरा म्हणाली, "हे कापलेलं कान बी वीस झालं की सरासरी हुती का?" येडूनं तिच्या पाठीत धपाटा घातला. मग बराच वेळ तो तिच्या शेजारी बसून राहिला.

पोरं मात्र शाळेत होती. रोज. मेंढ्यांचं दूध आटल्यावर फुलाबाई ज्वारीची आंबील करायची. पोती खाली खाली गेली. तिनं स्वतःची भाकरी निम्मी केली आणि मग मायाक्काच्या ताटात बघितलं, तर तिनंही केली होती.

*

मार्च संपायला एक दिवस होता. मोठ्या गावाहून पगार आणायला गेलेले मास्तर परत आले होते. फुलाबाई पोरांसाठी पाण्याची घागर ठेवायला शाळेत गेली. पोरं बाहेर होती. मास्तर भिंतीवरचा नकाशा उतरवून गुंडाळत होते.

"नकाशा का काढला, मास्तर?"

"उद्या शाळा संपली, फुलाबाई."

"सुट्टी?"

"बंद."

तिनं घागर खाली ठेवली. ती नीट बसावी म्हणून तिच्याखाली चुंबळ सरकवली.

"पोरं हाईत की," ती म्हणाली. "सगळी हाईत. मोजा तुमी."

"रोज मोजलीत मी."

"मग?"

मास्तर खुर्चीत बसले, पण लगेच उठले. "बोर्डाचं साल एप्रिलला सुरू होतं. पुढच्या सालात कुठल्या शाळेला पैसा द्यायचा, ते माघात ठरतं. तेव्हा चालू साल पुरं झालेलं नसतं. म्हणून त्याच्या आधीचं साल बघतात. आधीच्या साली तुम्ही सगळे केमला होता. सरासरी सात."

"आन यंदाची पोरं?"

"ती पुढच्या माघात बघितली असती."

"मग बघू द्या की."

"पुढच्या माघापर्यंत शाळा असायला पाहिजे ना. शाळा नाही, तर कुणाची हजेरी बघणार?"

फुलाबाई घागरीकडं बघत होती. बाहेर पोरं विटीदांडू खेळत होती आणि विटी गेल्यावरून भांडत होती.

"तुमाला कवा कळलं?"

"हुकूम माघाच्या अखेरीला आला." मास्तरांनी चष्मा काढला. "पण दिपोटी बोलले तेव्हाच मला समजलं. पुढच्या अंदाजात धरू, म्हणाले ना ते. म्हणजे या माघातल्या नाही, त्याच्या पुढच्या."

"ते आमी बी ऐकलं. आमाला ते ग्वाड लागलं."

"होय."

"तवाच का न्हाय बोलला? पौषात बोलला असता तर आमी उटून गेलो असतो. मेंढरं जगली असती."

"म्हणूनच बोललो नाही. तुम्ही पोरं घेऊन गेला असता तर मला त्याच महिन्यात घरी बसवलं असतं. मी कायम नाही. घरी बायकोला, दाक्षायणीला, दिवस गेलेत." ते थांबले. "तीन पगार निघाले."

"म्हंजी आमी तुमची चाकरी राखली."

मास्तर नकाशाला दोरी बांधू लागले. त्यांना राग आला होता की लाज वाटत होती हे ओळखता येत नव्हतं. दोन्हीतही ते गप्पच राहत.

"आता कुटं जाणार?"

"बोर्ड देईल तिथं. दिली तर."

ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "पानी झाकून ठिवा. माशा पडत्यात." आणि भाकऱ्यांना गेली. शाळा उद्या संपत होती, पण पोरांचे आईबाप जेठात येणार होते. केमच्या शिवारात कोण कुठल्या रानात आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. पोरं परत करायची तरी कुणाला? पीठ तेवढंच लागणार होतं.

*

फळा, खुर्ची, टेबल, नकाशा आणि घंटा बोर्डाची होती. ती मोठ्या गावच्या शाळेत पोचती करायची होती आणि गाडी द्यायला कुणी तयार नव्हतं. येडूनं तट्टावर एका बाजूला टेबल आणि दुसऱ्या बाजूला खुर्ची बांधली. फळा स्वतःच्या पाठीवर घेतला. वाटेत वारा आला की फळा त्याला बाजूला लोटायचा. घंटा तट्टाच्या चालीवर वाजत होती. रानातली माणसं वर बघत होती.

मोठ्या गावची शाळा दगडी होती. हेडमास्तरांनी त्याला पायरीखाली थांबवलं आणि एकेक वस्तू हलवून बघितली. "ह्या खुर्चीचा पाय कुणी मोडला?"

"वाटंत हलला असंल."

"बोर्डाची वस्तू आहे ही. ठोक तो."

येडू दगड घेऊन खुर्चीचा पाय ठोकत बसला. हेडमास्तर फळ्यावरची धूळ पुसत म्हणाले, "हा बरा आलाय. आमचा तडकला होता. एक मास्तरही वाढवून दिलाय आम्हाला यंदा."

"आमचा काढून?"

"तुमचा-आमचा असं काही नसतं. जिथं पोरं तिथं पैसा."

"आमी बी लोकल फंड भरतो. सरकारी सारा भरतो त्याच्यावर रुपयाला आना."

"तो सगळ्या जिल्ह्याचा असतो, बाबा. त्यात रस्ते येतात, दवाखाने येतात. तुम्ही पोरं इकडं धाडा की. कोण नको म्हणतंय?"

"पाच मैल हाय. मधी दुसरा ओढा."

"मेंढरांमागं दहा मैल चालतात की तुमची पोरं."

आतून दोनतीन पोरं हसली. येडूनं खुर्ची सरळ उभी करून दाबून बघितली. पाय हलत नव्हता. "बसा, बगा," तो म्हणाला. हेडमास्तर बसले नाहीत.

*

चैत्र गेला, वैशाख आला. शाळेची खोली रिकामी होती. एक दिवस केरानं धाकट्या पोरांना आत नेऊन ओळीनं बसवलं आणि पाढे म्हणायला लावले. भिंतीवर फळ्याच्या जागी तेवढा गडद रंगाचा चौकोन दिसत होता. पोरांनी तीनचा पाढा म्हटला, चारचा म्हटला, मग एकानं बकरीचा आवाज काढला आणि सगळी हसत बाहेर पळाली. दुसऱ्या दिवशी ती येडूबरोबर बाभळीवर गेली. त्यांना ते बरं वाटलं. मेंढरं राखायला ती जन्मापासून शिकलेली होती.

उन्हं वाढली तशी येडूनं उरलेली मेंढरं दुपारची त्या खोलीत घातली. तेवढीच सावली होती. संध्याकाळी फुलाबाई लेंड्या लोटून काढायची.

जेठाच्या सुरुवातीला उत्तरेकडं धूळ दिसली. आधी कुत्री आली, मग मेंढरं. त्यांच्या पाठी भरलेल्या होत्या, लोकर जाड झाली होती. बायका तट्टांवरून उतरून पोरांकडं धावल्या नाहीत. आधी मेंढरं वाघरीत घातली, मग आल्या. शिवबाईनं धाकट्याचा दंड दोन बोटांत धरून बघितला. "बारीक झालाय."

"खायाला तेवढंच व्हतं," मायाक्का म्हणाली. "हिनं आन मी अर्धी अर्धी खाल्ली. इचार पोरांस्नी."

"मी कुटं काय म्हणती, आत्ती."

दुसऱ्या दिवशी देवळापुढं येडूनं कानांची दोरी ठेवली. ज्याचे त्याचे कान ज्यानं त्यानं ओळखले. कानांवरच्या चिरा प्रत्येक घराच्या वेगळ्या होत्या. शिवबाईनं बोटानं पुन्हापुन्हा चाळले. "माज्या मेंढीचं कोकरू व्हतं. त्याचा कान न्हाय."

"ते दिपोटीच्या शिपायानं नेलं," येडू म्हणाला.

"कान बी खाल्ला त्येनं?"

माणसं हसली. येडू हसला नाही. रीत सगळ्यांना ठाऊक होती. आपल्या उरलेल्यांतलं एक कोकरू त्यानं ओढून आणलं आणि शिवबाईच्या पायाशी सोडलं. शिवबाई थोडी वरमली, पण तिनं ते घेतलं.

"एक मातर हाय," ती जाता जाता फुलाबाईला म्हणाली. "पोरं मागं असली की वाटंनं लई हलकं वाटतं. पुढल्या साली बी ठिवू की तुज्यापाशी. शाळा नसली म्हणून काय झालं?"

हरिबा शेवटपर्यंत बसून राहिला होता. गुंडा त्याच्या मांडीवर होता. सगळे गेल्यावर त्यानं पोराला उतरवलं. "ह्येला पाठुंगळी घेऊन गेलीस म्हणं. मी इसरणार न्हाय ते."

फुलाबाई थांबून राहिली.

"भण मागं लागलीय. मिरग निघायच्या आत हळद लावून टाकू म्हणती."

"भावजी, तुमी देवापुढं बोलला हाय."

"बोललोय. चौथी हुईस्तवर मागणार न्हाय. मी शबूद मोडला न्हाय, फुले." तो रागानं बोलत नव्हता. "पर चौथीच न्हाय, तर कुठवर थांबायचं ते तू सांग."

तिनं येडूकडं बघितलं. येडूचं तोंड वाघरीकडं होतं. तिथं त्यांची मेंढरं हरिबाच्या मेंढरांशेजारी उभी होती, आणि कुठली कुणाची हे लांबूनही कळत होतं. येत्या पाडव्याला कुणाच्या तरी सोबतीनं, कुणाच्या तरी आधारानंच त्यांना जायचं होतं.

"एक साल, दादा," येडू म्हणाला.

"कशापायी?"

येडू वाघरीची सैल दोरी ताणायला उठला.

हळदीच्या आदल्या दिवशी फुलाबाईनं केरीला दारात बसवून तिच्या डोक्यावर तेल घातलं. सकाळचं ऊन होतं. केरीच्या केसांत उवा झाल्या होत्या. फुलाबाई बारीक फणीनं त्या काढत होती आणि नखावर मारत होती. केरी मातीत काडीनं काहीतरी काढत होती.

"आये."

"मान हलवू नगं."

"माजी तिसरी झाली का गं?"

फुलाबाईची फणी थांबली. "झाली की."

"परीक्षा तर कुणी घेतलीच न्हाय. दिपोटी चैतात येनार व्हता."

"तरी झाली."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगती."

केरीनं काडी टाकली. "तुला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. ती रागावली नव्हती. जे होतं तेच बोलत होती.

"खरं हाय," फुलाबाई म्हणाली, आणि तिनं पोरीचं डोकं हलकेच पुढं वाकवून मानेवरच्या केसांतून फणी फिरवायला सुरुवात केली.